हिला दुसरं काही करू नकोस

मिशिगनमध्ये, लान्सिंगपासून तासाभरावर, माझ्या मामाचं घर आहे आणि घरामागे एक लाकडी बार्न आहे. त्या बार्नच्या भिंतीवर दोन जाड हुकांवर एक लांब लोखंडी नळी टांगलेली आहे. ती शेवरोले ३१०० या जुन्या पिकअप ट्रकची आहे, पण मामाच्या ट्रकची नाही. मामाच्या ट्रकची तशीच नळी मी जानेवारीतल्या एका रात्री ग्राइंडरने कापली. कापायची गरज नव्हती. हा लेख त्या नळीबद्दल आहे, आणि आता हयात नसलेल्या एका माणसाला दिलेल्या शब्दाबद्दल.

आधी माझ्याबद्दल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिग्री मेकॅनिकलची, पुण्यातली. म्हणजे गिअरबॉक्सचं सेक्शनल ड्रॉइंग मी रात्र जागून काढलेलं आहे (कॉपी केलेलं आहे असंही म्हणता येईल), पण खऱ्या गिअरबॉक्सला हात लावायची वेळ अठ्ठाविसाव्या वर्षी आली. मामा १९८९ पासून इकडे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने नोकरी केली आणि आता निवृत्त झालाय. मी त्याच्यापासून दीड तासावर राहतो. शनिवारी मामीच्या हातचं जेवण आणि रविवारी बार्न, असा माझा गेल्या हिवाळ्यातला कार्यक्रम होता.

ट्रक पलीकडच्या शेतावरच्या म्हाताऱ्याचा. त्याच्या वडिलांनी १९५३ मध्ये नवा घेतलेला. हौद्यात मका, सफरचंदं, वासरं, सगळं वाहिलेलं. मुलं शहरात गेली, शेत विकायची वेळ आली, तेव्हा म्हाताऱ्याने तो मामाला अगदी नाममात्र किमतीत दिला. कारण एवढंच, की दहा-बारा वर्षं मामा दर उन्हाळ्यात त्याच्या अंगणात जाऊन त्या गाडीचं बॉनेट उघडून उभा राहायचा. किल्ली देताना म्हातारा म्हणाला, "चालव. नीट ठेव. पण हिला दुसरं काही करू नकोस."

मामा म्हणाला, "नाही करणार."

पाच वर्षांनी म्हातारा गेला. त्यानंतर काही वर्षांनी मामाचा डावा गुडघा गेला.

*

ज्यांनी अशी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर शेवरोलेने १९४७ मध्ये ट्रकची एक पूर्ण नवी मालिका काढली आणि ती १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. गोल मडगार्ड, आडव्या पट्ट्यांची जाळी, फुगीर बॉनेट. अमेरिकन जुना ट्रक म्हटल्यावर कॅलेंडरवर जो दिसतो, ज्याच्या हौद्यात ख्रिसमसचं झाड ठेवलेलं असतं, तो बहुतेक वेळा हाच. मामाचा १९५३ चा, म्हणजे समोरची काच दोन तुकड्यांची असलेल्या शेवटच्या वर्षाचा.

इंजिन सहा सिलिंडरचं, २१६ घन इंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं. ताकद ९२ हॉर्सपॉवर. त्या इंजिनाची एक खोड आहे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना पंपाच्या दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला छोटे चमचे असतात, ते तेलात बुडून स्वतःपुरतं तेल उचलतात. शेतात, गावात, चाळीस-पंचेचाळीस मैलांच्या वेगाने हे इंजिन वर्षानुवर्षं चालतं. जास्त फेऱ्यांवर तासन् तास दामटलं की मात्र ते कुरकुरायला लागतं.

आणि फेऱ्या जास्तच होतात, कारण गिअर तीनच. तिसरा गिअर म्हणजे थेट एकास एक, आणि मागच्या क्राऊन-पिनियनचं प्रमाण ४.११. म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या चार फेऱ्या आणि वर थोडं. मूळ मापाच्या टायरवर ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २९०० फेऱ्या घेतं. १९५३ च्या शेतरस्त्यांवर ६० मैलांनी कुणी जात नव्हतं. आज मामाच्या घरासमोरच्या साध्या रस्त्यावरही ५५ ची मर्यादा आहे आणि लोक ६५ ने जातात. मामा ४५ ने जायचा. मागे रांग लागायची, हॉर्न वाजायचे, कुणीतरी चढावर धोका पत्करून ओव्हरटेक करायचं.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. दुसऱ्याला आहे, पण तो कधीच झिजलेला. म्हणून प्रत्येक वेळी डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, अंदाजाने रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. आमच्या आजोळी, वाईला, मामा लहानपणी पसरणी घाटात एसटीच्या ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून हे बघायचा. त्यामुळे या गाडीवर त्याचा जीव होता. तो म्हणायचा, "गिअर पडला की कळतं, आपण काहीतरी बरोबर केलं." गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण तो जड क्लच दर गिअरला दोनदा दाबणं गुडघ्याला जमेना. ट्रक बार्नमध्ये उभा राहिला. एक वर्ष, दोन वर्षं, चार वर्षं.

उभी गाडी टिकते असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. रबरी सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, ब्रेकच्या नळ्यांना आतून गंज लागतो, उंदीर सीटमध्ये घर करतात. म्हणजे पर्याय "बदला किंवा आहे तशी ठेवा" असे नव्हते. पर्याय होते: बदला, किंवा हळूहळू मरू द्या, किंवा विका. विकली असती तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी तिच्यात व्ही-८ बसवून तिला जमिनीला टेकवली असती.

*

उपाय इकडच्या जुन्या गाड्यांच्या मंडळींना तोंडपाठ आहे. शेवरोलेचीच एस-१० नावाची छोटी पिकअप होती, तिच्यात बोर्गवॉर्नरचा टी-५ हा पाच गिअरचा बॉक्स यायचा. तो थोड्या फेरफाराने या जुन्या इंजिनामागे बसतो. पुढच्या सगळ्या गिअरना सिंक्रोमेश, आणि पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह.

पण या ट्रकवर नुसता गिअरबॉक्स बदलता येत नाही. त्याचं कारण ती नळी.

आजच्या ट्रकमध्ये इंजिनाची फिरकी मागच्या एक्सलपर्यंत नेणारा प्रॉपेलर शाफ्ट उघडा असतो. मागची चाकं गाडीला पुढे ढकलतात तो जोर पाट्यांमधून चॅसिसला पोचतो. या जुन्या अर्ध्या टनी शेवरोलेंमध्ये मात्र शाफ्ट एका जाड बंद नळीच्या आत फिरतो. तिला टॉर्क ट्यूब म्हणतात. तिचं मागचं टोक एक्सलला घट्ट बोल्ट केलेलं, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे एका गोल बॉलमध्ये बसलेलं. चाकांचा जोर पाट्यांमधून जात नाही, या नळीतून गिअरबॉक्सवर, तिथून इंजिनाच्या माउंटवर आणि मग चॅसिसवर जातो. म्हणजे गिअरबॉक्स हा तिथे फक्त गिअरबॉक्स नाही. अख्खी गाडी त्याला ढकलून पुढे जाते.

हे ऐकल्यावर मला हसू आलं. कामावर आमच्याकडे पंधरा वर्षं जुनी एक बिलिंग सिस्टीम आहे, तिच्यातही असंच आहे. एक मॉड्यूल वरवर फक्त तारखा फॉर्मॅट करतं, पण बाकीची चार त्याच्यावर टेकलेली आहेत. ते काढलं की कळतं, की तारखा हे त्याचं काम नव्हतंच.

तर टी-५ बसवायचा म्हणजे नळी गेली. नळी गेली म्हणजे एक्सल गेला. आम्ही एका जुन्या शेवरोले कारचा, ३.७३ प्रमाणाचा एक्सल आणला. शाफ्ट नव्या लांबीचा करून घेतला. गाडी आता जास्त वेगाने जाणार म्हणून ब्रेक बघणं भाग पडलं. मूळ मास्टर सिलिंडर एकेरी होता, म्हणजे कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. तो दुहेरी केला. हिशेब असा: ताशी ६० मैलांना २९०० ऐवजी साधारण १९०० फेऱ्या. चमच्याने तेल पिणाऱ्या त्या इंजिनाला हे मानवणार होतं. इंजिन मूळचं ठेवायचं असेल तर त्याच्या मागचं सगळं बदलावं लागेल, असा तो तिढा होता.

*

मामीचा विरोध होता. तो तिने एकदाच, जेवताना सांगितला.

"तू शब्द दिला होतास."

मामा म्हणाला, "दुसरं काही करू नकोस म्हणाला होता. गिअरबॉक्स बदलू नकोस असं नव्हता म्हणाला. त्याच्या पुतण्याने अशीच गाडी कापून तिचं खेळणं केलं होतं, ते त्याच्या डोक्यात होतं."

"तुला काय माहीत त्याच्या डोक्यात काय होतं? त्याला पहिल्या गिअरचा आवाज आवडायचा. आपल्या घरावरून जाताना मुद्दाम पहिला टाकायचा. मी ओट्यापाशी असले की हात दाखवायची."

मामाला हे आठवत नव्हतं. तो आवाज मी ऐकलेला आहे. पहिल्या गिअरचे दाते सरळ कापलेले, म्हणून ती एक चढत जाणारी किणकिण असते, शेळीच्या करडाच्या ओरडण्यासारखी. नव्या बॉक्समध्ये दाते तिरके. आवाज जाणार होता.

इथे बऱ्याच वाचकांना थीसियसचं जहाज आठवलं असेल. सगळ्या फळ्या बदलल्या तर जहाज तेच का, वगैरे. कॉलेजात मलाही हा प्रश्न फार खोल वाटायचा. बार्नमध्ये, हात ग्रीसने भरलेले असताना, तो जरा निरुपयोगी वाटला. गाडी तीच राहिली की नाही याचं उत्तर ठरवून देता येतं. भारत सरकारने ते ठरवलंही आहे. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले, त्यात पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज धरली आहे. मूळ रूप म्हणजे चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. गिअरबॉक्सचं नाव त्यात नाही. ही गाडी मिशिगनमध्ये आहे, तो नियम तिला लागू नाही, पण त्या व्याख्येने पाहिलं तर आम्ही तिचं मूळ रूप बदलतच नव्हतो. आणि मामीच्या प्रश्नाला त्याने काहीच उत्तर मिळत नव्हतं. मामी विचारत होती की तू ज्याला शब्द दिलास त्याच्याशी तू कसा वागतो आहेस.

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळायचा का, यावर एक सोपं मत असं आहे, की त्याला आता काय फरक पडतो. त्याचं नुकसान होत नाही, त्याला कळतही नाही. मला हे मत कधीच पटलं नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नव्हतं. आता थोडं येतं. जिवंत माणसाला दिलेल्या शब्दात एक सोय असते. अडचण आली की आपण त्याला विचारू शकतो. "तुम्ही असं म्हणालात, पण माझा गुडघा गेलाय, काय करू?" तो म्हणू शकतो, "अरे, मग बदल की." किंवा म्हणू शकतो, "नाही, मग विक." शब्द दोघांचा असतो आणि दोघं मिळून तो बदलू शकतात. माणूस गेला की त्याचं वाक्य तसंच राहतं. खुलासा करणारा गेलेला असतो. मग अर्थ लावायचं काम ज्याने शब्द दिला त्याच्याकडेच येतं. म्हणजे ज्याला शब्दातून सुटायचंय तोच न्यायाधीश. इथे बेइमानीची जागा तयार होते, कारण मी लावलेला अर्थ दरवेळी मला सोयीचाच निघतो.

कोड वाचताना हे रोज होतं. कुणीतरी कमेंट लिहून ठेवलेली असते, "हे काढू नका." का, ते लिहिलेलं नसतं. लिहिणारा कंपनी सोडून गेलेला. मी ती ओळ दोन मिनिटं बघतो, आणि मला आज घरी लवकर जायचं असेल तर माझी खात्री पटते की आता त्याची गरज उरलेली नाही.

मामा या बाबतीत माझ्यापेक्षा सावध होता, त्यालाही कारण आहे. वाईचा आमचा वाडा पाडायचं ठरलं तेव्हा मामा इथे होता. त्याने मुखत्यारपत्रावर सही करून कुरियरने पाठवलं. त्यात चूक काहीच नव्हती. वाडा मोडकळीला आला होता, आजीला जिना चढवत नव्हता. पण खांब, तुळया, दारं यांचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही, आणि मामानेही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला तो गेला तेव्हा इमारत उभी होती. त्याने खांबांबद्दल विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मामा वाडा पाडल्याबद्दल हळहळला नाही. खांबांबद्दल मात्र अजून बोलतो.

म्हणून त्याने या कामाला एक नियम घातला. मूळ गाडीत काहीही कापायचं नाही. जे लावायचं ते बोल्टने. वेल्डिंग करायचं तर नव्या एक्सलवर, जुन्या चॅसिसवर नाही. नव्या गिअरबॉक्सच्या दांड्यासाठी जमिनीच्या पत्र्यात भोक लागेल, तर मूळ पत्रा उचलून ठेवायचा आणि त्याची नक्कल करून तिला भोक पाडायचं. निघालेली प्रत्येक वस्तू तेल लावून, लेबल लावून भिंतीवर. उद्या कुणाला परत तीन गिअरची गाडी करायची झाली तर एका आठवड्यात करता आली पाहिजे.

मामी म्हणाली, "कोण करणार आहे परत?"

मामा म्हणाला, "कुणी नाही. पण ते मी ठरवायचं नाही."

हे वाक्य मला तेव्हा जरा नाटकी वाटलं होतं.

*

जानेवारीचा तिसरा रविवार. बाहेर उणे पंधरा. मामाचा गुडघा थंडीने सुजला होता, म्हणून तो नऊ वाजता झोपायला गेला. मला सकाळी आठची मीटिंग होती, पण त्याआधी जुना एक्सल बाहेर काढायचाच असं मी ठरवलेलं. नवा एक्सल आलेला होता, पुढच्या शनिवारी वेल्डर येणार होता.

नळीच्या पुढच्या टोकाला जी कॉलर असते ती मागे सरकवली की आतला जॉइंट दिसतो आणि त्याचे बोल्ट काढता येतात. ती कॉलर सत्तर वर्षांच्या गंजाने नळीला चिकटली होती. दोन दिवस आम्ही तिला गंज सुटायचं तेल पाजत होतो. मी तिला गॅसच्या बत्तीने तापवलं, हातोड्याने ठोकलं, पुन्हा तापवलं. साडेदहा वाजले, अकरा वाजले. एकदा किंचित हलली असंही वाटलं.

ग्राइंडर बाकावरच होता.

मी स्वतःला काय सांगितलं ते मला नीट आठवतंय. ही नळी आता वापरात नाही. गाडी हिच्याशिवायच चालणार आहे. भिंतीवर टांगायची एक वस्तू, त्यासाठी मी अजून एक आठवडा घालवायचा का? परत लावणार कोण आहे? मामीचंच वाक्य मी माझ्या सोयीसाठी वापरलं. तिने ते काम थांबावं म्हणून म्हटलं होतं. मी ते काम लवकर संपावं म्हणून वापरलं.

कापायला वीस मिनिटं लागली. नळी आणि आतला शाफ्ट दोन्ही. ठिणग्या सुंदर दिसत होत्या.

एक्सल बाहेर आला. आणि मग मी जे केलं ते मला कापण्यापेक्षा जास्त खटकतं. मी नळीचे दोन तुकडे उचलले आणि बार्नच्या मागे, बर्फात, जुन्या पत्र्यांच्या ढिगाखाली सरकवले. कुणी सांगितलं नव्हतं. विचारही केला नव्हता. हात आपोआप तिकडे गेले.

मामाला पुढच्या शनिवारी कळलं. भिंतीवर लेबल होतं, हूक होते, वस्तू नव्हती. मी सांगितलं. तो काही बोलला नाही. मामा चिडला की बोलतो, म्हणून मला कळलं की हे चिडणं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "शाफ्ट पण?" मी म्हटलं, "हो." त्याने लेबल काढून खिशात ठेवलं.

*

त्यानंतरचे काही आठवडे मी या गोष्टीवर जितका विचार केला तितका नोकरीत केला असता तर बढती मिळाली असती.

पहिली गोष्ट मला ही कळली, की मामाचा नियम भागांबद्दल नव्हताच. भाग परत लावता यावेत हे निमित्त होतं. इमारतींच्या जतनाबद्दल १९६४ ची व्हेनिस सनद म्हणून एक दस्तऐवज आहे. त्यात म्हटलंय की गहाळ भागांच्या जागी नवं बसवाल ते एकूण रूपाशी जुळलं पाहिजे, पण मूळ कुठलं आणि नवं कुठलं ते ओळखूही आलं पाहिजे. म्हणजे जुळवून घ्या, पण खोटं बोलू नका. मामाचा नियम त्याच जातीचा होता. लेबलं लावायची कशासाठी? उद्या येणाऱ्याला कळावं की इथे कुणीतरी हात घातला होता, कुठे घातला आणि का घातला.

दुसरी गोष्ट, म्हाताऱ्याच्या वाक्याचा अर्थ. मी तो खूप शोधला. मामाचा अर्थ बरोबर की मामीचा? त्याला व्ही-८ नको होता की पहिल्या गिअरचा आवाज हवा होता? याचं उत्तर कधीही मिळणार नाही. "तो हयात असता तर हो म्हणाला असता का?" हा प्रश्न आपण फार वापरतो, वारसाहक्कात, लग्नात, घर विकताना. त्याचा दोष असा, की उत्तर देणारेही आपणच असतो, आणि आपल्या डोक्यातला म्हातारा आपल्याला नेहमी परवानगी देतो.

म्हणून मी दुसरा प्रश्न विचारून पाहिला. तो हो म्हणाला असता का हे सोडा. तो आज बार्नमध्ये आला असता तर मी त्याला काय काय दाखवू शकलो असतो? गिअरबॉक्स दाखवला असता. एक्सल, ब्रेक, दाखवले असते, कारणं सांगितली असती, मामाचा गुडघा दाखवला असता. तो कदाचित रागावला असता. कदाचित किल्ली परत मागितली असती. तरी मी त्याच्यासमोर उभा राहू शकलो असतो. नळी मात्र मी ढिगाखाली ठेवली असती. ठेवलीच होती. तो तर नव्हता तिथे, तरी ठेवली.

या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःच्या सोयीने वळवता येत नाही, कारण ते माझ्या मतावर नाही, माझ्या हातांवर अवलंबून आहे. हात काय लपवतात ते दिसतं. गिअरबॉक्स हा मोठा बदल होता आणि नळी ही आता कामातून गेलेली लोखंडाची वस्तू. तरी शब्द कुठे मोडला असेल तर तो नळीपाशी मोडला. गिअरबॉक्स आम्ही गरजेने बदलला, आणि नळी मी कंटाळून कापली.

याला एक उत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. परतीची वाट उघडी ठेवणं ही चैन आहे. मामाकडे बार्न आहे म्हणून भिंतीवर एक्सल ठेवता येतो. वाईत वाड्याचे खांब कुठे ठेवणार होतो, पुण्यातल्या वन बीएचकेत? खरं आहे. प्रत्येक गोष्ट जपता येत नाही, जपूही नये, नाहीतर घर गोदाम होईल. पण खांबांबद्दल मामाला बोचतं ते ठेवता आले नाहीत म्हणून नाही. कुणी थांबून "यांचं काय?" असं विचारलं नाही म्हणून. विचारून, बघून, "नाही जमणार" म्हणून सोडलं असतं, तर तो ते कुणालाही सांगू शकला असता. मलाही नळी कापावीच लागली असती असं होऊ शकलं असतं. अजून दोन आठवडे ती कॉलर सुटली नसती तर मामानेच ग्राइंडर हातात दिला असता. मग त्या कापण्याचं लेबल लिहिता आलं असतं.

*

मार्चमध्ये मी ओहायोतल्या एका जुन्या गाड्यांच्या भंगारवाल्याकडून तशीच नळी आणि शाफ्ट शोधून आणला. माझ्या पैशाने. मामा म्हणाला, "चांगली आहे." मामी म्हणाली, "ही ती नाही." दोघांचंही बरोबर होतं. आता गाडी परत मूळ रूपात नेता येते. पण म्हाताऱ्याच्या वडिलांनी घेतलेल्या गाडीची नळी तिच्यात कधीच बसणार नाही. चुकीची भरपाई करता येते आणि चूक राहतेही, हे दोन्ही एका भिंतीवर टांगलेलं आहे. खाली जमिनीवर कापलेले दोन तुकडेही आहेत. ते मी ढिगाखालून काढून आणले, घासले, तेल लावलं.

एप्रिलच्या शेवटी गाडी सुरू झाली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा मूळ गिअरचा खटका आम्ही काढला नाही. तो आता कशालाही जोडलेला नाही. मामाचा हात अजून अधूनमधून तिकडे जातो, मग खाली जमिनीवरच्या नव्या दांड्याकडे येतो. डबल क्लच करायची गरज नाही, तरी दुसऱ्यात उतरताना तो कधीकधी करतो. गुडघा दुखतो, मग मामी ओरडते.

पहिल्या गिअरचा आवाज गेला. मी तो फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला हवा होता. जुना बॉक्स भिंतीवर आहे, पण भिंतीवर तो गप्प असतो. मामीने हे मला ऐकवलं नाही, मीच तिला म्हटलं. ती म्हणाली, "मला आठवतो. पण मी गेल्यावर कुणाला आठवणार, ते लिहून ठेव."

डॅशबोर्डच्या खणात आता एक वही आहे. मामाच्या सुवाच्य इंग्रजीत त्यात सगळं लिहिलेलं आहे: काय काढलं, काय लावलं, कुठला बोल्ट कुठल्या मापाचा, जुने भाग भिंतीवर कुठे आहेत. गुडघ्याबद्दलही एक ओळ आहे. मामीच्या सांगण्यावरून मी आवाजाबद्दल लिहिलं, म्हातारा घरावरून जाताना मुद्दाम पहिला टाकायचा हेही लिहिलं. शेवटच्या पानावर नळीची नोंद करायची होती. मामाने वही माझ्याकडे सरकवली. मी तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, की टॉर्क ट्यूब आणि शाफ्ट मी कापला, कॉलर कदाचित सुटली असती, मी थांबलो नाही. मामाने ते वाचलं, खाली दुसऱ्या नळीची माहिती आणि हुकाचा नंबर लिहिला, आणि वही खणात ठेवली. मग आम्ही मामीला घेऊन बाजारात गेलो. पाचव्या गिअरमध्ये, ५५ ने. मागे कुणी हॉर्न वाजवला नाही.